बोंडू पायदळी, बाटली देव्हाऱ्यात

महाराष्ट्रातला माणूस प्रवासाला निघाला की कोठे काय खावे याची यादी बरोबर घेऊन निघतो. कोठे काय प्यावे हे मात्र कोणी कोणाला सांगत नाही. कोल्हापुरात तांबडा-पांढरा रस्सा, मालवणात मासे, पुण्यात मिसळ, नागपुरात सावजी, असे सारे मुक्काम आमच्या जिभेवर कोरलेले आहेत. पण तहान लागली की अवघ्या महाराष्ट्राची चव एकच! रंगीत गोड पाण्याची थंडगार बाटली, नाहीतर उकळून उकळून काळा पडलेला चहा. आणि ज्याला याहून 'जास्त' काही हवे असेल त्याने रस्त्याकडेच्या परमिट रूमचा मळका पडदा बाजूला सारून अंधारात शिरावे, पुढ्यात येईल ते घशाखाली ओतावे आणि तोंडात बडीशेप टाकून सज्जनासारखे बाहेर पडावे. खाण्यात रसिक, पिण्यात अडाणी आणि वर ढोंगी, अशी ही आमची तऱ्हा आहे. या तऱ्हेविरुद्ध दिवाळीच्या फराळाशेजारी बसून चार शब्द सुनवावेत असे मी योजिले आहे. वाचकांनी चकलीचा तुकडा खाली ठेवण्याचे कारण नाही, आणि बायकामुलांना आत पाठवण्याचे तर मुळीच नाही. कारण हा प्रश्न जितका पिणाऱ्यांचा आहे, त्याहून अधिक न पिणाऱ्यांचा आहे.

संकेश्वरहून बांद्याकडे जाणारा रस्ता आमच्या आजऱ्यातून जातो. शनिवार उजाडला की कोल्हापूर, बेळगाव, सांगलीकडच्या मोटारी या रस्त्याने आंबोलीचा घाट उतरून गोव्याकडे धावतात. त्यांत बसलेली मंडळी काय प्यायला निघालेली असतात? गोव्याच्या मातीतले काही? छे! जी व्हिस्की कोल्हापुरात मिळते तीच व्हिस्की. फक्त तिकडे ती स्वस्त. दोनअडीचशे रुपये वाचवण्यासाठी दोनअडीच हजारांचे पेट्रोल जाळणारा हा प्रवासी परत येताना इन्सुलीच्या नाक्यावर जीव मुठीत धरून बसतो. ज्या काजूच्या बागांमधून त्याची मोटार जाते, त्या बागांच्या फळाचा वास त्याला खिडकीतून येतो आणि तो काच वर करून घेतो.

आता या फळाविषयी थोडे. आजरा, चंदगड, सावंतवाडी, दोडामार्ग या साऱ्या पट्ट्यात मार्चपासून मेपर्यंत काजूचा हंगाम असतो. शेतकरी झाडाखाली पडलेला बोंडू उचलतो, पिळा देऊन खालची बी काढून घेतो आणि बोंडू तेथेच टाकतो. बीच्या टरफलातले तेल कातडी जाळते. म्हणून त्या दिवसांत माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या बोटांची साले निघालेली असतात. लिहायला सांगितले की ती पेन्सिल दोन बोटांच्या टोकांत धरतात. इतके सोसून हाती येते काय? बी! वजनाने बोंडू हा बीच्या आठदहा पट. म्हणजे शेतकरी एक किलो बी घरी नेतो तेव्हा आठदहा किलो रसाळ फळ झाडाखाली कुजत ठेवून येतो. त्यावर माशा घोंगावतात, गुरे तोंड लावतात आणि उरलेले पायदळी जाते. या फळात 'क' जीवनसत्त्व संत्र्याच्या कित्येक पट असते, हे आम्ही सातवीच्या मुलांना सांगतो आणि त्याच मुलांना शाळा सुटल्यावर ते तुडवत घरी जायला लावतो. बीचा भाव पडला की सारा तालुका हवालदिल होतो. ज्याने झाडाच्या दहा वाट्यांतला एकच वाटा विकायचा आणि नऊ वाटे मातीत घालायचे असे ठरवले आहे, त्याचे दुसरे काय होणार?

घाटाखाली पंचवीसतीस कोसांवर हेच फळ आणि हीच माणसे आहेत. पण तेथे बोंडू कुजत नाही. काजू मूळचा ब्राझीलचा. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात तो आपल्या किनाऱ्यावर आणला. गोव्याचा शेतकरी बोंडू तुडवून त्याचा रस काढतो, मडक्यात आंबवतो आणि भट्टीवर चढवतो. पहिल्या धारेचे ते हुर्राक. सौम्य, फळाच्या वासाचे आणि हंगामापुरतेच, कारण ते टिकत नाही. त्यालाच पुन्हा भट्टीवर चढवले की फेणी. या काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१६ साली गोवा सरकारने कायद्यात दुरुस्ती करून तिला वारशाचे पेय ठरवले. आमच्या आजऱ्याच्या घनसाळ तांदळालाही मानांकन आहे, आणि त्याचा आम्हांला रास्त अभिमान आहे. भाताचा अभिमान धरता येतो. मग फळाच्या रसाचा धरताना आमची मान खाली का जाते?

मान खाली जाते याचे कारण कायदा. मुंबई राज्याचा दारूबंदीचा कायदा १९४९ सालचा. पुढे बंदी सैल झाली, दुकाने उघडली, बार उघडले. परंतु कायद्याचा सांगाडा तोच राहिला. आजही महाराष्ट्रात पिणाऱ्याच्या खिशात परवाना असावा लागतो, आणि तो परवाना कशासाठी? तर प्रकृतीच्या जपणुकीसाठी! एका दिवसाचा परवाना विदेशी दारूला पाच रुपये आणि देशीला दोन रुपये. 'परमिट रूम' हे नाव त्यातूनच आले. लक्षावधी माणसे रोज रात्री प्रकृती सुधारण्यासाठी अंधाऱ्या खोलीत बसतात, असे सरकारदप्तरी मानले जाते. हा विनोद एखाद्या नाटककाराने लिहिला असता तर अतिशयोक्ती म्हणून आपण नाक मुरडले असते.

याहून मोठा विनोद पुढेच आहे. काजूचा बोंडू आणि मोहाचे फूल यांपासून होणारे मद्य महाराष्ट्रात 'देशी' म्हणून खालच्या पंगतीला बसवलेले होते. २०२२ साली राज्य मंत्रिमंडळाने त्याला वरच्या पंगतीत घेण्याचा निर्णय केला. निर्णय चांगलाच, पण तो कसा? या मद्याला यापुढे 'विदेशी मद्य' असा दर्जा! आजऱ्याच्या डोंगरात पिकलेले फळ, आजऱ्याच्या माणसाने काढलेला रस. त्याला प्रतिष्ठा हवी असेल तर त्याने परदेशी व्हावे. मी मराठीचा मास्तर आहे. 'देशी' या शब्दाचा अर्थ 'हलका' आणि 'विदेशी' या शब्दाचा अर्थ 'भला' असे मुलांना शिकवायची पाळी माझ्यावर आलेली नाही. पण सरकारचा कोश तोच आहे, आणि खरे सांगायचे तर आम्हा साऱ्यांच्या मनातला कोशही तोच आहे.

येथे एखादी माउली मला अडवील आणि म्हणेल, "गुरुजी, तुम्ही दारूचे पोवाडे गाताय काय? आमच्या गल्लीत येऊन बघा." तिचा अधिकार मी मानतो. तिच्यासमोर वाद घालण्यासाठी मी उभा नाही. आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात गावोगावच्या बायकांनी मतदान घेऊन दारूची दुकाने बंद पाडली. मतपत्रिकेवर दोन चित्रे: एक उभी बाटली, एक आडवी बाटली. गावातल्या निम्म्याहून अधिक स्त्री मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकानाला कुलूप. ज्या बाईने आयुष्यात कधी नवऱ्याला उलट उत्तर दिले नाही तिने मतदानाच्या खोलीत दिलेले हे उत्तर आहे, आणि ते शिरसावंद्य आहे. घर मोडणारी दारू आडवी झालीच पाहिजे.

पण माउली, एक गोष्ट बघ. तुझे घर मोडले ते कोणत्या पिण्याने? ज्या पिण्यात चव नाही, गप्पा नाहीत, अन्न नाही, उजेड नाही, अशा पिण्याने. उभ्याउभ्या अर्धी बाटली रिचवून गटाराशेजारी पडणे, याला पिणे म्हणत नाहीत. ते स्वतःला विझवणे आहे. आणि चोरून पिण्याची किंमत त्याहून भयंकर असते. २०१५ सालच्या जूनमध्ये मुंबईच्या मालवणी वस्तीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. ती हातावर पोट असलेली माणसे होती. त्यांच्या पेल्यात मिथेनॉल होते, आणि ते कोणी घातले हे विचारायला त्या अंधारात कोणी नव्हते. अंधार हाच खरा शत्रू आहे. जेथे उजेड असतो, बायकामुले येऊन सरबत पितात, पाटीवर पदार्थाचे नाव आणि गाव लिहिलेले असते, तेथे माणूस माणसासारखा वागतो. जेथे पडदा असतो, तेथे तो पडद्यामागच्यासारखा वागतो.

"हे आपल्या संस्कृतीत बसत नाही," असे म्हणणारा दुसरा एक वर्ग आहे. या वर्गातल्या पुष्कळांना मी आंबोलीचा घाट उतरताना पाहिले आहे, ते असो. त्यांनी कौटिल्याचे अर्थशास्त्र उघडावे. त्यात सुराध्यक्षाचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. मेदक, प्रसन्ना, आसव, मैरेय हे प्रकार आणि त्यांत पडणारे जिन्नस तर तेथे सांगितले आहेतच. पण पानगृह कसे असावे हेही सांगितले आहे. अनेक दालने असावीत, बसायला आसने असावीत, गंध, फुले आणि पाणी असावे, आणि प्रत्येक ऋतूत तेथे बसणे सुखाचे व्हावे. त्याचबरोबर कोण किती पितो, कोण ऐपतीबाहेर खर्च करतो, यावर नजर असावी. म्हणजे सुखही आणि शिस्तही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या या पानगृहाशेजारी आजचे परमिट रूम ठेवून पाहा: ओली टेबले, फुटका पंखा, फुलांऐवजी भिंतीवरचे तिरंगी बल्ब. संस्कृती कोणती आणि ऱ्हास कोणता, हे सांगायला शास्त्री लागत नाही.

आता पेये 'मिसळण्याच्या' कलेकडे वळू. कॉकटेल हा शब्द ऐकला की आमच्या डोळ्यांपुढे परदेशी सिनेमातला गुळगुळीत ओठांचा नायक उभा राहतो. हा शब्द अमेरिकेतल्या एका वर्तमानपत्राने १८०६ साली समजावून सांगितला: मद्य, साखर, पाणी आणि कडू अर्क. पण त्याच्या सव्वाशेदीडशे वर्षे आधी जॉन फ्रायर नावाचा एक इंग्रज वैद्य आपल्या किनाऱ्यावर हिंडत होता. तो काळ शिवछत्रपतींचा. त्याने गोव्याच्या बार्देशातल्या नेरूळ गावच्या दारूची तारीफ केली आहे आणि लिहिले आहे की, इंग्रज लोक ती घेऊन एक पेय बनवतात, त्याला 'पंच' म्हणतात, कारण त्यात पाच जिन्नस असतात आणि इकडच्या भाषेत पाचाला तसे म्हणतात. काही पंडितांना ही व्युत्पत्ती मान्य नाही. ते पिपाच्या इंग्रजी नावाकडे बोट दाखवतात. त्यांनी दाखवावे. पण मद्य, लिंबू, साखर, पाणी आणि मसाला हे पाच जण एका भांड्यात पहिल्यांदा नांदले ते आपल्याच किनाऱ्यावरच्या गोऱ्यांच्या वखारींत, आणि तेथून ते लंडनला गेले, हे नाकारणे अवघड आहे. पाचामुखी परमेश्वर म्हणणाऱ्यांच्या मुलखातून ही विद्या गेली, आणि आज आमचा वेटर ग्लासात सोडा ओतून म्हणतो, "साहेब, मिक्सिंग झालं."

एवढ्याशा गावाचे नाव जगभर कसे होते, याची दोन उदाहरणे देतो. क्यूबा बेटावर सांतियागोजवळ दायकिरी नावाचे एक खाणीचे खेडे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तेथल्या एका अमेरिकन एंजिनियरने उसाची रम, लिंबू आणि साखर एकत्र केली, असे सांगतात. आज जगातल्या कुठल्याही मोठ्या शहरात 'दायकिरी' मागा, मिळते. आता सांगा, या तिघांतले आमच्या आजऱ्यात काय नाही? हिरण्यकेशीच्या काठाने ऊस आहे, गवशाला साखर कारखाना उभा आहे, परड्यात लिंबू आहे. नाही ती फक्त आपल्या वस्तूला आपल्या गावाचे नाव देण्याची छाती.

दुसरे उदाहरण न पिणाऱ्यांसाठी, आणि मला ते अधिक मोलाचे वाटते. ब्राझीलच्या पियावी प्रांतात काजूच्या बोंडूपासून 'काझुईना' नावाचे पेय करतात. त्यात मद्याचा थेंब नसतो. रसातला घसा धरणारा तुरटपणा काढून टाकतात, रस गाळून नितळ करतात आणि बाटल्यांत भरून तापवतात; त्यातली साखर तापून सोन्यासारखा रंग येतो. लग्नकार्यात, पाहुण्यांपुढे ते मानाने ठेवतात. २०१४ साली ब्राझील सरकारने ही परंपरा राष्ट्राचा सांस्कृतिक वारसा म्हणून नोंदवली. ज्यांच्याकडून काजू आला, त्यांनी त्याच्या फळाचे असे केले. आम्ही फळ घेतले आणि अक्कल तेथेच ठेवून आलो.

आणि ही अक्कल काही गहन नाही. सकाळी पडलेला ताजा बोंडू घ्यावा, कारण तो दिवसभरात आंबतो. धुवावा, फडक्यातून पिळावा. त्या रसात भाताची निवलेली पातळ पेज किंवा साबुदाण्याची खळ घालून ढवळून ठेवावे. तुरटपणा तिच्याबरोबर तळाशी बसतो आणि वर नितळ रस राहतो. तो हलक्या हाताने ओतून घ्यावा, तापवून निववावा, साखर आणि लिंबू घालावे. घनसाळ तांदळाची पेज आणि आजऱ्याच्या काजूचा रस, यांहून अधिक आजऱ्याचे असे दुसरे काय असेल? वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काजूच्या उत्तम जाती दिल्या, बोंडूच्या सरबताचे प्रयोगही केले. विद्या घाटाखाली तयार आहे. ती घाट चढून आमच्या हॉटेलच्या पाटीवर अजून आलेली नाही.

प्रवासात चांगले पेय कोठे मिळेल, असे मला विचारणाऱ्यांना मी चार खुणा सांगतो. पहिली, दुकानात उजेड आहे काय? दुसरी, लिंबू तुमच्या डोळ्यांदेखत कापतात की पिवळ्या बाटलीतून ओततात? तिसरी, "हे कुठल्या गावचे?" असे विचारल्यावर मालकाचा चेहरा उजळतो की तो तुमच्याकडे वेड्यासारखे पाहतो? आणि चौथी, गावातली माणसे तेथे बसलेली आहेत काय? पणजीच्या जुन्या वस्तीत, फोंतेन्य्समध्ये, जोसेफ बार म्हणून एक एवढीशी जागा आहे. तेथे फेणी आणि कोकम यांचे 'तांबडी रोझा' नावाचे पेय देतात. खोली लहान, बसायला धड जागा नाही, पण चारही खुणा तेथे पटतात. हंगामात हुर्राक घ्यायचे तर ते लिंबाच्या सोड्यात, चिमूटभर मीठ आणि मधोमध चिरलेली हिरवी मिरची घालून घेतात. बाहेर उन्हाची काहिली, आणि ग्लासात आंबट, गोड, खारट, तिखट चारही रस एका रांगेत! एक ग्लास सावकाश पिणारा माणूस दुसरा मागत नाही. कारण त्याला चव मिळालेली असते. चव न मिळालेला माणूसच चौथ्या ग्लासापर्यंत शोधत जातो.

मिसळण्याची ही कला आमच्या घरात नाही काय? आहे, आणि ती आमच्या आया-आज्यांच्या हातात आहे. कैरी उकडून तिचा गर काढणे, त्यात गूळ किती आणि वेलदोडा किती हे बोटाने चाखून ठरवणे. नारळाच्या दुधात कोकमाचे आगळ किती घातले म्हणजे सोलकढीला गुलाबी रंग येईल पण दूध फाटणार नाही हे ओळखणे. मठ्ठ्यात आले ठेचून घालावे की किसून, यावर जावेजावेत भांडण होणे, हे सारे त्या कलेचेच अंग आहे. बरणीत रातांब्याची साल आणि साखर यांचे थर देऊन उन्हात ठेवणारी कोकणातली आजी पंचतारांकित हॉटेलातल्या बारमनच्या तोडीची आहे; फरक इतकाच की त्याच्या कामाला विद्या म्हणतात आणि तिच्या कामाला 'बायकांचा उद्योग'. त्याच आजीचा नातू हॉटेल काढतो तेव्हा पाहुण्यापुढे काय ठेवतो? पुडीतल्या भुकटीची गुलाबी सोलकढी!

माझे मागणे थोडे आहे, आणि ते ज्याचे त्याला स्पष्ट सांगतो. सरकारने परमिट रूमचा पडदा काढावा, आणि मातीतल्या पेयाला 'विदेशी' म्हणण्याची लाज एकदाची सोडावी. त्याला काजूचे म्हणा, मोहाचे म्हणा, गावाचे नाव द्या, पण त्याचा बाप बदलू नका. ज्या गावच्या बायकांनी बाटली आडवी केली तेथे ती आडवीच राहू द्यावी. आमच्या काजूच्या कारखानदारांनी बीबरोबर बोंडूलाही भाव द्यावा. आठ किलोंना चार पैसे मिळाले तरी शेतकरी तो वाकून उचलील, आणि साले निघालेल्या त्या बोटांना कष्टाचे निम्मे तरी मोल मिळेल. आजऱ्यापासून आंबोलीपर्यंतच्या हॉटेलवाल्यांनी दारात एक फळी लावावी: बोंडूचे सरबत, अमृतकोकम, करवंदाचे सरबत, ताक. एवढ्या रस्त्यात एकाने जरी ती लावली तरी शनिवारच्या मोटारी तेथे थांबतील. निदान त्यांतल्या बायका आणि मुले तरी खात्रीने उतरतील.

आणि वाचकहो, तुमच्याकडे मागणे आणखी थोडे. उद्या भाऊबीजेला बहीण घरी येईल, जावई येईल. फराळ घरचा, रांगोळी घरची, उटणेही घरचे. आणि पेला तेवढा दुकानातल्या प्लॅस्टिकच्या बाटलीचा, असे यंदा होऊ देऊ नका. कपाटात कोकमाचे आगळ असेलच. थंड पाणी घ्या, साखर, जिऱ्याची पूड, चिमूटभर मीठ, आल्याचा थोडा रस आणि एक मिरची ठेचून गाळून. पाहुण्याने विचारले, "हे काय आहे?" तर गावाचे नाव घेऊन सांगा. ते नाव घेताना तुमचा आवाज खाली आला नाही, तर माझा हा लेख लिहिण्याचा खटाटोप फुकट गेला नाही असे मी समजेन.